मोठे वादक एकत्र बसतात तेव्हा: चेंबर म्युझिक कसं ऐकावं

बेळगावच्या श्रोत्याला साथ म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. गवई मध्ये, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी, मागे मिरजेचे तंबोरे. कोण पुढे जाणार, कोण जागा देणार, हे बसण्याच्या पद्धतीतच ठरलेलं असतं. म्हणूनच शहापुरातल्या आमच्या पेटीवाल्या काकांना मी पियानो, व्हायोलिन आणि चेलो अशा तिघांचं एक ध्वनिमुद्रण ऐकवलं, तेव्हा ते दहा मिनिटं गप्प बसून ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "तिघंही तयारीचे आहेत रे. पण ह्यात मुख्य कोण आणि साथीला कोण, तेच कळंना."

काकांना अडचण अगदी नेमक्या ठिकाणी आली होती. पाश्चात्त्य अभिजात संगीतातला हा प्रकार या एकाच प्रश्नापाशी आपल्याला परका वाटतो, आणि त्याचं उत्तर हाती आलं की तो फार जवळचा होतो. त्यातही जगभर गाजलेले एकल वादक, म्हणजे एरवी ज्यांच्यामागे सत्तर-ऐंशी जणांचा ऑर्केस्ट्रा उभा असतो असे लोक, जेव्हा तिघे-चौघे मिळून वाजवायला बसतात, तेव्हा 'मुख्य कोण' हा प्रश्न त्यांच्यासाठीही अवघड होऊन बसतो.

आधी हे संगीत म्हणजे काय, ते पाहू. ऑर्केस्ट्रात पहिल्या व्हायोलिनची एकच ओळ दहा-पंधरा जण मिळून वाजवतात. चेंबर म्युझिकमध्ये प्रत्येक ओळीला एकच माणूस. दोन ते साधारण आठ-नऊ वादक, समोर छडी घेऊन उभा असलेला कंडक्टर नाही. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो असले की स्ट्रिंग क्वार्टेट. पियानो, व्हायोलिन आणि चेलो असले की पियानो ट्रायो. व्हायोला हे व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, थोडं खालच्या आवाजाचं वाद्य. चेलो त्याहून खालचं, पायांमध्ये उभं धरून वाजवायचं. हे संगीत लिहिलं गेलं ते वाड्यांच्या दिवाणखान्यांसाठी आणि घरांसाठी. वाजवणारे पुष्कळदा हौशीच असत आणि ऐकणारे हाताच्या अंतरावर. आपली जुनी बैठक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या जवळिकीबद्दल अधिक सांगायला नको.

१७८४ साली व्हिएन्नात एका घरी अशीच मैफल जमली होती. मायकेल केली नावाच्या आयरिश गायकाने तिची हकीकत लिहून ठेवली आहे. पहिल्या व्हायोलिनवर हायडन, दुसऱ्यावर डिटर्सडॉर्फ, चेलोवर वान्हाल आणि व्हायोलावर मोत्सार्ट. चौघेही नावाजलेले संगीतकार. केली म्हणतो की वादन बरं होतं. आपापल्या वाद्यावर असामान्य असं त्यांच्यापैकी कोणीच नव्हतं. मला त्यात सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती मोत्सार्टची जागा. तो व्हायोलिन उत्तम वाजवायचा, तरी बसला व्हायोलावर. व्हायोला म्हणजे मधला आवाज. चाल बहुतेक वेळा वरच्या व्हायोलिनकडे, पाया चेलोकडे, आणि व्हायोला या दोहोंच्या मध्ये, जिथे सहसा कोणाचं लक्ष जात नाही.

एवढा मोठा संगीतकार अशा जागी आनंदाने का बसेल? उत्तर पेटीवर एका मिनिटात मिळतं, आणि घरात पेटी असेल त्याने ते जरूर करून पाहावं. तार सप्तकातला सा धरून ठेवा. त्याच्या खाली मध्यम आणि शुद्ध धैवत दाबा. तीन स्वर एकदम वाजतात आणि एक उजळ, मोकळा परिणाम मिळतो. आता वरचा सा तसाच, खालचा मध्यमही तसाच ठेवा, आणि फक्त मधला शुद्ध धैवत सोडून कोमल धैवत दाबा. वरचा स्वर बदलला नाही, खालचाही नाही, पण सगळ्याचा भाव काळवंडला. चाल ज्याच्याकडे होती त्याने काही केलंच नाही. बदल घडवला तो मधल्याने.

हाच आपल्या आणि त्यांच्या संगीतातला मोठा फरक. आपल्याकडे षड्ज स्थिर आणि एका वेळी एकच धून पुढे सरकते. भाव उलगडतो तो त्या एका रेषेच्या वळणांतून, मींडेतून, ठहरावातून. त्यांच्याकडे एकाच वेळी अनेक स्वर वाजतात आणि खालचे-मधले स्वर वरच्या स्वराचा अर्थ ठरवत राहतात. त्यामुळे चाल नसलेला वादक तिथे नुसता आधार देत नाही. तोही अर्थ घडवत असतो.

मग जुगलबंदी? ती तर दोन तुल्यबळांची असते, असं कोणी म्हणेल. पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ, बिस्मिल्ला खाँ आणि व्ही. जी. जोग, आपल्या धारवाड-गदग मुलखातल्या सुरांचे भीमसेन आणि दक्षिणेतले बालमुरलीकृष्ण, या जोड्या आपण ऐकल्या आहेत. पण जुगलबंदीत बहुतेक वेळा पाळी असते. एक बोलतो, दुसरा थांबतो किंवा षड्जावर स्थिरावतो, मग उत्तर देतो. आणि काय बोलायचं ते दोघंही त्या क्षणी ठरवतात. चेंबर म्युझिकमध्ये सगळं लिहिलेलं असतं. कोणत्या मात्रेला कोण पुढे आणि कोण मागे, हे संगीतकाराने ठरवून ठेवलेलं. बीथोव्हनचा ट्रायो वाजवताना हायफेट्झसारख्या जगप्रसिद्ध व्हायोलिनवादकालाही चार मात्रा चाल मिळते आणि पाचव्या मात्रेला ती चेलोच्या हातात जाते. त्या क्षणी त्याने आवाज खाली आणायचा, तो कितीही मोठा असला तरी.

थोडक्यात, काकांच्या प्रश्नाचं उत्तर असं: मुख्य आणि साथ या भूमिका इथेही आहेत, पण माणसांना चिकटलेल्या नाहीत. दर काही मात्रांनी त्या हात बदलतात.

ट्राउट, आणि मुंबईचा एक डबल बास

हे कानाने पाहायचं तर फ्रान्झ शूबर्टच्या 'ट्राउट' क्विंटेटसारखी (क्विंटेट म्हणजे पाच वाद्यांची रचना) दुसरी सोपी वाट मला माहीत नाही. १८१९ साली, बाविसाव्या वर्षी, शूबर्टने ही रचना केली. ऑस्ट्रियातल्या श्टायर गावच्या पाउमगार्टनर नावाच्या एका हौशी चेलोवादकाने त्याला गळ घातली होती की तुझ्या ट्राउट माशावरच्या गाण्याची चाल यात घे. वाद्यंही नेहमीची नाहीत: पियानो, व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बास, म्हणजे उभं राहून वाजवायचं सगळ्यांत खालच्या आवाजाचं तंतुवाद्य.

३० ऑगस्ट १९६९ रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये ही रचना पाच जणांनी वाजवली आणि तिचं चित्रणही झालं. पियानोवर डॅनियल बॅरनबॉइम, वय २६. व्हायोलिनवर इत्झाक पर्लमन, ज्याला दुसऱ्याच दिवशी चोवीस पूर्ण झाली. चेलोवर २४ वर्षांची जॅकलिन दु प्रे. व्हायोलावर २१ वर्षांचा पिंकस झुकरमन, जो खरा व्हायोलिनवादक. आणि डबल बासवर ३३ वर्षांचे झुबिन मेहता.

मेहतांचं नाव आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, पण कंडक्टर म्हणून. त्या वेळी ते लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे प्रमुख होते. व्हिएन्नात शिकताना त्यांनी डबल बास शिकला होता. जन्म मुंबईचा, १९३६ चा. वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि पुढे बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटही. त्यामुळे चार जण समोरासमोर बसून एकाच ओळीसाठी वाद घालतात, थांबतात, पुन्हा वाजवतात, हे या मुलाने घरातच पाहिलेलं होतं. एरवी ऐंशी जणांना हाताच्या इशाऱ्यावर चालवणारा हा माणूस त्या संध्याकाळी सर्वांत मागे उभा राहून, बहुतांश वेळ एकेक साधा खर्ज लावत होता.

आता त्यातला चौथा भाग ऐका. आधी मूळ चाल येते ती फक्त तंतुवाद्यांवर; पियानो गप्प. इतका वेळ खळाळणारा पियानो थांबला की खोलीतली हवाच बदलते. मग त्या चालीचीच रूपं सुरू होतात. पहिल्यात चाल पियानोकडे जाते आणि बाकीचे तिच्याभोवती हलकी कलाकुसर करतात. दुसऱ्यात ती व्हायोलाकडे येते, आणि व्हायोलिन वरून भरभर नक्षी काढत राहतं. इथे नवखा श्रोता हमखास चकतो. वरची चपळ नक्षी कानात भरते आणि वाटतं, तेच मुख्य. पण चाल खाली आहे, झुकरमनकडे. पर्लमन एवढी अवघड नक्षी इतक्या हलक्या हाताने काढतो की व्हायोला कुठेच झाकला जात नाही. ते हलकेपण मिळवायला किती तयारी लागत असेल, हे तबल्यावर मोजका, भरीव ठेका देणाऱ्याला समजेल. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे. त्यांच्या गाण्यामागे वसंतराव आचरेकरांचा तबला ज्यांनी लक्ष देऊन ऐकला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल.

तिसऱ्या रूपात चाल सगळ्यांत खाली उतरते, चेलो आणि डबल बासवर, आणि वर पियानो दोन्ही हातांनी झपाट्याने धावतो. चौथ्यात एकदम वादळ, स्वरही कोमल अंगाचे. पाचव्यात दु प्रेचा चेलो. तो वाजवताना तिचा चेहरा पाहावा. चार वर्षांनी, १९७३ मध्ये, मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे तिचं वादन कायमचं थांबलं आणि १९८७ मध्ये ती गेली. ते पाच जण पुढे इतके मोठे झाले की हे चित्रण आज 'तारकांचा मेळा' म्हणून दाखवलं जातं. पण ऐकताना जाणवतो तो त्यांचा एकमेकांवरचा जीव.

एकट्याने गाजलेल्याला हे जड का जातं

ऑर्केस्ट्रासमोर एकल वाजवणाऱ्याची सवय वेगळी असते. त्याचा आवाज ऐंशी जणांच्या वरून, दोन हजार खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायला हवा. म्हणून गज पूर्ण, दाब जास्त, कंपन रुंद. लय त्याने हवी तशी ओढावी, कंडक्टर बाकीच्यांना त्याच्यामागे आणतो. यातली प्रत्येक गोष्ट ट्रायोत अडचणीची ठरते. एकाचं कंपन रुंद आणि दुसऱ्याचं बारीक असेल तर दोघांनी एकत्र धरलेला स्वर दुभंगतो. एकाने लय ताणली तर त्याला सावरणारा कोणीच नसतो.

सुरुवात कशी करायची हासुद्धा एक प्रश्न. आपल्याकडे मुखडा उचलला की तबलजी समेवर येतो. इथे पहिलाच स्वर तिघांनी एकदम लावायचा असतो, आधी काहीही न वाजवता. त्यासाठी व्हायोलिनवादक नाकाने श्वास घेतो. त्या श्वासाच्या लांबीतून लय कळते आणि जोरातून आवाज कळतो. जवळून घेतलेल्या ध्वनिमुद्रणात हे श्वास स्पष्ट ऐकू येतात. पियानोवाल्याला आणखी एक वेगळेपण असतं. व्हायोलिन आणि चेलोवाल्यासमोर फक्त आपापली ओळ लिहिलेली असते, त्याच्यासमोर तिघांच्याही ओळी. त्यामुळे कोण कुठे आहे हे सगळं त्याला दिसतं, आणि चुकलेल्याला हळूच जागेवर आणण्याचं काम बहुधा त्याच्याकडेच येतं.

स्वरांचा प्रश्न आपल्याला सर्वांत जवळचा आहे. पियानो आणि पेटी यांचे बारा स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. तंबोऱ्यातून जो गांधार आपोआप ऐकू येतो, त्याच्यापेक्षा पियानोचा गांधार किंचित चढा असतो, अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या भागाइतका. याच कारणावरून आपल्याकडे पेटीबद्दल किती वाद झाले! १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती अनेक वर्षं टिकली. स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये पियानो नसतो, म्हणून चौघे मिळून तो नैसर्गिक, शांत गांधार लावू शकतात. पण त्यासाठी चौघांचे कान एक व्हावे लागतात, आणि कान एक व्हायला वर्षं जातात.

गाजलेले एकल वादक एकत्र येतात तेव्हा क्वार्टेटपेक्षा पियानो ट्रायो किंवा क्विंटेटच जास्त का निवडतात, याचं कारण मला इथेच दिसतं. पियानो असला की स्वरांचा एक पक्का संदर्भ मिळतो. शिवाय तिन्ही वाद्यांचे आवाज मुळातच वेगळे. तिघांची व्यक्तिमत्त्वं वेगळी राहिली तरी खटकत नाही. क्वार्टेटमध्ये दोन व्हायोलिनं एकाच जातीची असावी लागतात, गज एकाच वेळी खाली-वर जावा लागतो. दोन दिवसांच्या सरावात ते साधत नाही. अमेडियस क्वार्टेटचे चौघे १९४७ पासून १९८७ पर्यंत बदलले नाहीत. त्यांतले तिघे व्हिएन्ना सोडून आलेले निर्वासित, युद्धकाळात ब्रिटनमधल्या छावण्यांत एकमेकांना भेटलेले. व्हायोलावादक पीटर शिडलॉफ १९८७ मध्ये गेले आणि उरलेल्या तिघांनी क्वार्टेटच बंद केलं. मधल्या आवाजाची जागा दुसऱ्या कोणाला देता येईल असं त्यांना वाटलं नाही.

तारकांच्या ट्रायोंमध्ये सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत प्रेमळ ट्रायो कोर्तो (पियानो), तिबो (व्हायोलिन) आणि कासाल्स (चेलो) यांचा. १९०५ च्या सुमारास फ्रान्समध्ये तो सुरू झाला. तिघेही तेव्हा पंचविशी-तिशीच्या आसपासचे. वर्षातले काही आठवडे ते एकत्र वाजवत आणि बाकीचा वेळ आपापल्या मैफली करत. १९२६ मध्ये त्यांनी मुद्रित केलेला शूबर्टचा बी फ्लॅट ट्रायो आजही मिळतो. खरखर आहे, पण तिघांचं बोलणं एकमेकांशी आहे. पुढे राजकारण आडवं आलं: कासाल्स स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीमुळे मायदेशाबाहेर राहिले, कोर्तोंनी युद्धकाळात नाझीधार्जिण्या व्हिशी सरकारात पद घेतलं, आणि मैत्री तुटली. १९५८ मध्ये प्राद गावच्या महोत्सवात कोर्तो आणि कासाल्स पुन्हा एकत्र वाजवायला बसले. दोघेही तोवर ऐंशी ओलांडलेले, आणि तिबो हयात नव्हते.

दुसरं उदाहरण हायफेट्झ, पियानोवरचा रुबिनस्टाइन आणि चेलोवरचा पियाटिगोर्स्की यांचं. पियाटिगोर्स्कीच्या आधी चेलोवर फॉयरमन होता. १९४१ मध्ये त्या तिघांनी काही अप्रतिम मुद्रणं केली, पण पुढच्याच वर्षी तो ३९ व्या वर्षी वारला. १९४९ मध्ये पियाटिगोर्स्कीसह शिकागोजवळच्या रॅव्हिनिया महोत्सवात मैफली झाल्या आणि वर्तमानपत्रांनी त्यांना 'मिलियन डॉलर ट्रायो' म्हटलं. नावांचा क्रम कोणता असावा यावरून हायफेट्झ आणि रुबिनस्टाइन यांच्यात वाद झाला. परंपरेने पियानो, व्हायोलिन, चेलो असा क्रम असतो, आणि हायफेट्झला आपलं नाव कधीतरी आधी यावं असं वाटत होतं. १९५० च्या मुद्रणांनंतर तिघे पुन्हा ट्रायो म्हणून वाजले नाहीत. ती मुद्रणं ऐकताना थक्क व्हायला होतं, तरी मला त्यांत व्हायोलिन सतत अर्धं पाऊल पुढे उभं असल्यासारखं जाणवतं. चाल दुसऱ्याकडे गेली तरी हायफेट्झचा स्वर मागे जात नाही.

मग हे लोक हा खटाटोप करतात कशासाठी? आर्थिकदृष्ट्या एकट्याची मैफल सोपी. मार्टा आर्गेरिचने १९८० च्या दशकापासून एकटीने वाजवणं जवळजवळ सोडूनच दिलं, कारण मंचावर एकटीला एकाकी वाटतं. तिच्या दर्जाच्या पियानिस्टने असं करणं ही साधी गोष्ट नाही. गिडॉन क्रेमर या व्हायोलिनवादकाने १९८१ मध्ये ऑस्ट्रियातल्या लॉकेनहाउस या छोट्या गावी एक महोत्सव सुरू केला, तोही मित्रांनी एकत्र येऊन वाजवावं म्हणून. अमेरिकेत मार्लबरो इथे १९५१ पासून उन्हाळ्यात ज्येष्ठ आणि तरुण वादक एकाच रचनेत बरोबरीने बसतात, आठवडे सराव करतात, आणि सराव केलेलं सगळं मैफलीत वाजतंच असं नाही. या शेवटच्या गोष्टीचा मला फार आदर वाटतो. आपल्या सीमाभागात जुगलबंदी ठरवताना बहुतेकदा मैफलीची तारीख आधी ठरते आणि दोघे कलाकार त्या दिवशी दुपारी पहिल्यांदा भेटतात. दोन चांगल्या कलाकारांना चार दिवस एका घरात, श्रोत्यांशिवाय, एकत्र बसवण्याचा खर्च एखाद्या मंडळाने उचलला, तर काय ऐकायला मिळेल!

इथे बसून कसं ऐकावं

बेळगावात पाश्चात्त्य वाद्यं अगदीच अनोळखी नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीचा बँड आपण लहानपणापासून ऐकतो, चोर्ला घाट उतरलं की गोव्यात चर्चमधलं व्हायोलिन आहे. पण चेंबर म्युझिकची मैफल इथे क्वचितच होते, म्हणून मुद्रणांवरच भर द्यावा लागतो. त्यात एक पथ्य: मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. चेलोची सर्वांत खालची तार साधारण ६५ हर्ट्झची, डबल बासची ४१ हर्ट्झची, आणि एवढे खालचे स्वर त्या छोट्या स्पीकरमधून धड बाहेरच येत नाहीत. ज्या वादकाला ऐकायचं तोच गायब होतो. बरे हेडफोन किंवा घरातले दोन मोठे स्पीकर हवेत.

ट्राउटनंतर बीथोव्हनचा 'आर्चड्यूक' ट्रायो घ्या, १८११ चा. पहिल्यांदा ऐकताना चालीमागे जा. दुसऱ्यांदा ऐकताना ठरवून फक्त चेलोमागे जा, चाल कुठेही असो. दुसऱ्या भागाची सुरुवात चेलो एकटाच करतो, तिथून धागा पकडायला सोपं जाईल. तिसरा भाग संथ आहे. एकच शांत चाल पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी तेवढ्याच मात्रांत अधिकाधिक स्वर भरत जातात. दुगुन-तिगुन अंगवळणी पडलेल्या आपल्या कानांना तिथे परकेपणा राहत नाही. मूळ चाल पियानोवर सुरू होते. मग व्हायोलिन आणि चेलो तिच्यात येतात तेव्हा पियानोवाला किती मागे सरतो, ते ऐका. वादकांची पारख करायला तेवढी जागा पुरते. आणि ॲपवर वाजवत असाल तर मधल्या जाहिराती आणि क्रम उलटसुलट करणारं बटण आधी बंद करा, कारण तिसरा भाग संपून थांबत नाही. चौथा त्यातूनच उसळून वर येतो.